जिन्यावरची गाठ

माणूस पडला म्हणून कोणी हसत नाही. तो कसा वाजला, त्यावर हसतात. ज्याला हे पटत नसेल त्याने एकदा ताईच्या खोलीत येऊन बसावं. पडद्यावर एखादा ढेरपोट्या घसरून आपटला आणि आवाज काहीच आला नाही, तर बघणारा नुसता बघतो, फार तर ‘च्च’ करतो. त्याच चित्राखाली ताईने शिट्टी वर नेऊन सर्रकन खाली सोडली आणि शेवटी रिकाम्या डब्यावर लाटणं हाणलं, की तोच बघणारा पोट धरून लोळतो. चित्रं काढणाऱ्यांना वाटतं, हसू त्यांच्या पेन्सिलीतून येतं. वाटू दे बापड्यांना.

कार्टूनच्या त्या स्टुडिओत चित्रकार वरच्या मजल्यावर बसत, कारण तिथे उजेड होता. रंग भरणाऱ्या बायका मधल्या मजल्यावर. आणि रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज जिथे पोचत नाही अशा तळघरात ताई. तिची खोली पाहून नवखा माणूस भंगारवाल्याकडे आलो की काय म्हणून दारातूनच परत फिरे. मोडक्या छत्र्या, रबरी पिशव्या, दाराच्या सुट्या बिजागऱ्या, जोडीदार हरवलेले बूट, वाळूची पोती, चमच्यांच्या जुड्या, लहानमोठे भोपू. यातली एकही वस्तू जागची हललेली ताईला खपत नसे. कोणी हलवलीच, तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा आणि वस्तू मुकाट्याने जागेवर यायची.

तिला सगळे ताई म्हणत ते तिच्या धाकट्या भावामुळे. धाकटा त्या स्टुडिओचा दिग्दर्शक होता. त्याने हाक मारली तशीच इतरांनी उचलली. धाकट्याचं शहरभर नाव झालं होतं ते ‘टवाळ्या’मुळे. टवाळ्या म्हणजे एक पाळलेलं कुत्रं. पाठीवर ठिपके, एक कान दुमडलेला आणि अंगात एक हाड सरळ नाही. छोट्याशा फिल्ममध्ये तो आपल्या मालकीणबाईला सळो की पळो करून सोडी. तिच्या टोप्या कुरतडी, तिच्या टबात बेडूक सोडी, आणि इतकं करूनही शेवटी तिच्याच उशीवर डोकं ठेवून खुशाल घोरत पडे. मालकीणबाई काडीसारखी बारीक, तोंडाने फटकळ आणि डाव्या पायाने लंगडी.

ताईही बारीक होती, फटकळ होती आणि डाव्या पायाने लंगडत होती.

“अगं, ती तू नाहीस,” पहिली फिल्म तयार झाली तेव्हा धाकटा म्हणाला होता. “पाय ओढला की चाल लक्षात राहते, म्हणून तसं केलंय. तू उगाच मनाला लावून घेतेस.”

ताईने मनाला लावून घेतलं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कोणाला? ती जिन्यावरून येताना दिसली की वरच्या मजल्यावरचे चित्रकार एकमेकांना कोपर मारत. तिला दिसे, आणि ती सोडून देई. इतकंच काय, मालकीणबाईच्या लंगड्या चालीला आवाज तिनेच शोधला. उजवं पाऊल ‘टक्’, डावं पाऊल भोपूचं ‘प्वाँ’. त्या ‘प्वाँ’वर थिएटरं डोक्यावर घेतली गेली, आणि ताईही प्रेक्षकांत बसून हसली. काम फत्ते झालं की करणाऱ्याला हसू येतंच. तिच्या जागी दुसरी कोणी असती तर घरी जाऊन रडली असती, पण ताईचा स्वभाव तसा नव्हता.

तिसऱ्या फिल्मचं मुकं रीळ तळघरात आलं तेव्हा तिच्याबरोबर फक्त मशीनवाला होता. आवाजाची मशीन तो सांभाळी, दिवसभर खोकल्याच्या गोळ्या चघळी आणि विचारल्याशिवाय बोलत नसे. ताईच्या जिभेशी जन्मभर जमवून घेतलेला तेवढा एकच माणूस त्या इमारतीत होता. त्याने दिवा मालवला आणि रीळ सुरू केलं.

मालकीणबाई घडी घातलेल्या कपड्यांची चळत हनुवटीपर्यंत धरून जिना उतरायला निघते. चळतीमुळे तिला स्वतःचे पाय दिसत नाहीत. त्याआधी टवाळ्या येतो. गळ्यातला पट्टा काढतो, त्याचं एक टोक कठड्याच्या दांडीला दातांनी बांधतो आणि दुसरं टोक तोंडात धरून समोरच्या भिंतीशी दबून बसतो. मालकीणबाई गडगडत खाली जाते. कपडे हवेत उडतात. मग टवाळ्या घाईघाईने गाठ सोडतो, पट्टा पुन्हा गळ्यात घालतो आणि जगात आपल्याइतकं गरीब कुत्रं नाही असा चेहरा करून बसतो.

“थांबव,” ताई म्हणाली. “मागे घे. गाठीपाशी थांबव.”

मशीनवाल्याने चित्र गोठवलं. पडद्यावर कठड्याची दांडी होती आणि दांडीवर गाठ. बुटाच्या नाडीला घालतात तशी, दोन कान काढलेली, आणि मग त्या दोन कानांची वरून आणखी एक गाठ. कुत्र्याच्या पट्ट्याला हा वरचा फेरा जगात कोणी घालत नाही. धाकट्याच्या नाड्या सारख्या सुटायच्या म्हणून तो फेरा ताईने त्याला शिकवला होता, स्वतःच्या मांडीवर त्याचा पाय घेऊन. तेव्हा तो आठ वर्षांचा होता आणि ती सतरा वर्षांची.

त्याच सुमारास ती घरच्या जिन्यावरून पडली होती. हनुवटीपर्यंत कपड्यांची चळत होती.

आई आधीच गेलेली. घर ताईच चालवत होती आणि चालवत म्हणजे पळवत होती. जिना उतरताना ती एकेक पायरी गाळायची. शाळेत धावण्यात तिच्या पुढे कोणी नव्हतं, आणि पुढल्या वर्षी मोठ्या मैदानावर पळायला तिला नेणार असं शिकवणाऱ्या बाईंनी तिच्या वडिलांना, अप्पांना, सांगूनही ठेवलं होतं. त्या दुपारी पायात काहीतरी आलं आणि ती खालच्या फरशीवर जाऊन पडली. लोक धावले तेव्हा जिन्यावर ठिपक्या उभा होता, घरचं दोन वर्षांचं कुत्रं, आणि त्याचा पट्टा पायऱ्यांवर लोंबत होता. त्यावर विचारायचं काय राहिलं? कुत्र्याने पाडलं. कुत्रं काय बोलणार?

खुबा नीट जुळला नाही. पाय दोन बोटं आखूड राहिला. प्लास्टरमध्ये महिनोन्महिने पडून असताना तिला फक्त कान होते. शेजारणीची चप्पल, अप्पांच्या किल्ल्या, दुधाचं उतू जाणं, सगळं ती गादीवरून ओळखायला शिकली. पुढे पोट भरायचं काम तिला या कानांनीच दिलं. पण त्या कानांनी पहिलं ऐकलं ते ठिपक्याला. अप्पांनी त्याला लांब नेऊन सोडलं होतं, तो परत आला आणि दार ओरबाडू लागला. अप्पा कडीपाशी गेले. ताई गादीवरून किंचाळली, “त्याला आत घेतलंत तर मी अन्न शिवणार नाही!” अप्पांनी कडीवरचा हात काढला. दोन दिवस ओरबाडणं चालू होतं, मग थांबलं. त्यानंतर अप्पांनी रस्त्यात कधी कुठल्या कुत्र्याला यू यू केलं नाही.

आणि धाकटा? धाकटा तिच्या उशाशी बसून होता. तिला पाणी देई, केस विंचरून देई, पाय चेपून देई. येणारेजाणारे म्हणत, भाऊ असावा तर असा. हे आठवलं आणि ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. पायाचं तिला एवढं वाटलं नाही. आठ वर्षांचं पोर, खोडी करायला गेलं, भलतंच झालं. पण नंतर त्याने जी तोंडाला मिठी मारली ती इतकी वर्षं सोडली नाही. कुत्र्याला मरू दिलं, बहिणीला कुत्र्याचा खून करू दिला, आणि आता तीच गोष्ट चित्रात घालून जगाला हसवायला निघाला होता. वर आवाज भरायला तिच्याकडेच पाठवली होती. हा टवाळ्या ठिपक्या नव्हताच मुळी. हा धाकटा होता, स्वतःच्या पाठीवर ठिपके काढून घेतलेला.

“पुढे चालवू?” मशीनवाल्याने विचारलं.

“चालव,” ताई म्हणाली. तिचा आवाज ऐकून त्याने तोंडातली गोळी चघळायची थांबवली.

तरी तिने त्याला संधी दिली. हे कोणी नाकारू नये. दुपारच्या चहाला ती कधी नव्हे ते वरच्या मजल्यावर गेली आणि धाकट्याच्या टेबलासमोर बसली.

“जिन्याचा प्रसंग झकास झालाय,” ती म्हणाली.

“आवडला ना? मला वाटलंच होतं.” धाकटा खूश झाला. “तिथे तुझी शिट्टी लागेल, आणि दर पायरीला वेगळा सूर. शेवटी भांड्यांची उतरंड.”

“ती गाठ कुठून सुचली रे तुला?”

धाकट्याने चहा ढवळला. साखर केव्हाच विरघळली होती, तरी ढवळत राहिला.

“सुचली म्हणजे काय? सुचतं तसंच. कुत्रं गाठ मारतंय, हाच तर विनोद आहे, ताई.”

“वरचा फेरासुद्धा कुत्र्यालाच सुचला?”

“कसला फेरा?” तो म्हणाला. त्याने तिच्याकडे बघितलं नाही, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लहानपणी खोटं बोलला की होत तशाच. “चित्रकारांनी काढलं असेल काहीतरी. मी एवढं बघत बसतो का?”

“बरं,” ताई म्हणाली आणि कप तसाच ठेवून उठली. जिना उतरताना तिला मागून कोणाचं तरी दाबलेलं हसू ऐकू आलं. आज तिने तेही मनात जमा करून घेतलं.

आता धाकट्याची एक खोड सांगायला हवी, कारण ती नसती तर पुढचं काही घडलंच नसतं. तो आपली फिल्म पुरी झाल्यावर आवाजासकट कधी ऐकत नसे. “ताईने लावलाय ना आवाज? मग मी ऐकून काय करणार?” असं म्हणे. पहिल्या खेळाला तो थिएटरात सगळ्यात पुढे एक खुर्ची टाके आणि पडद्याकडे पाठ करून बसे. तोंड प्रेक्षकांकडे. कोण कुठे हसतं, कोण चुळबुळतं, हे तो त्यांच्या चेहऱ्यांवरून वाचायचा आणि पुढच्या फिल्मला त्यातून शिकायचा. लोकांना या खुर्चीचं मोठं कौतुक होतं. अप्पाही दर पहिल्या खेळाला कडक इस्त्रीचा सदरा घालून यायचे आणि लेकाच्या त्या खुर्चीकडे बघत राहायचे.

ताई कामाला लागली. पहिला अर्धा भाग तिने असा वाजवला की तसा उभ्या जन्मात वाजवला नव्हता. बेडकांना तिने रबरी पिशव्यांचे आवाज दिले, टोप्या फाटताना जुन्या चादरी टराटरा फाडल्या. मशीनवाला मशीनवर डोकं टेकून खिदळत होता आणि अधूनमधून डोळे पुसत होता. माणसाला आधी उंच चढवायचं, मग शिडी काढून घ्यायची, हे ताईला चांगलं माहीत होतं. तिचा धंदाच तो होता.

मग जिन्याचा प्रसंग आला. तिने शिट्टी उचलली नाही. भांड्यांची उतरंडही नाही.

स्टुडिओच्या मागच्या बाजूला एक जुना लाकडी जिना होता. तिथे तिने माईक लावायला सांगितला. वाळूचं पोतं ओल्या कापडात गच्च गुंडाळलं आणि जिन्याच्या डोक्यावरून ढकललं. ते सूर काढत गेलं नाही. दण, दण करत गेलं आणि खाली जाऊन नुसतं पडलं. खुब्यासाठी तिने जाडजूड गाजरं चामड्याच्या पिशवीत घालून माईकशी धरली आणि गुडघ्यावर मोडली. त्यानंतर माणूस लगेच ओरडत नाही, हे तिला ठाऊक होतं. आधी श्वास अडकतो. तो अडकलेला श्वास तिने स्वतःच्या छातीतून दिला. मालकीणबाईच्या पुढच्या चालीला भोपू नव्हता. माईक फरशीपाशी ठेवून ताई स्वतः चालली, आणि दर पावलाबरोबर तिच्या खुब्यात जी बारीक करकर होते तीसुद्धा टेपवर आली.

“ताई,” मशीनवाला म्हणाला, “हे ऐकून कोणी हसणार नाही.”

“नाही ना? मग बरोबर झालंय.”

“साहेबांचं नाव जाईल.”

“जाऊ दे. माझा पाय गेला, कुत्र्याचा जीव गेला. त्याचंही काहीतरी जायला नको?”

मशीनवाल्याने खिशातून गोळी काढली, ती हातातच फिरवली. पाय म्हणजे काय आणि कुत्रं म्हणजे कुठलं, हे त्याने विचारलं नाही. “मी टेप लावतो,” एवढंच म्हणाला. “मला विचारलं तर तुम्ही दिली ती लावली म्हणेन.”

“तसंच म्हण. तुझ्यावर काही येऊ देणार नाही मी.”

राहता राहिला शेवट. मालकीणबाई टवाळ्याला हाकलून दार लावते. बंद दार पडद्यावर बराच वेळ दिसत राहतं, लोक आता काय होणार म्हणून वाट बघतात, आणि मग टवाळ्या खिडकीतून आत येऊन उशीवर पसरतो. त्या बंद दाराखाली काय वाजवायचं, याचा ताईला विचार करावा लागला नाही. तिने कंगवे आणले, खिळे आणले, ब्रशचे दांडे आणले. एकही जमेना. शेवटी ती आपल्या खोलीच्या दाराशी जमिनीवर बसली, आखूड पाय पसरून, आणि खाली कुत्र्याचे पंजे पोचतील तेवढ्या उंचीवर स्वतःच्या नखांनी ओरबाडू लागली. जरा ओरबाडायचं, जरा थांबायचं, आतून कोणी येतंय का ऐकायचं, पुन्हा ओरबाडायचं. मशीनवाल्याने मध्येच तोंड फिरवलं. चित्रातलं दार संपलं, टवाळ्या उशीवर आला, तरी ताई थांबली नाही. पडद्यावर कुत्रं मऊ उशीवर घोरत होतं आणि आवाज दाराबाहेरच्याच कुत्र्याचा येत होता. तिच्या दोन नखांतून रक्त आलं. त्याचं तिला काही वाटलं नाही.

पहिला खेळ दुपारचा होता. थिएटर भरलं होतं. धाकट्याने नवा कोट घातला होता. खुर्ची टाकून, प्रेक्षकांना हात हलवून तो पडद्याला पाठ करून बसला, आणि त्याच्या या बसण्यालाच टाळ्या पडल्या. अप्पा कडेच्या खुर्चीत, बाजूच्या दाराजवळ बसले होते. ताई मागे भिंतीला टेकून उभी राहिली. तिथून तिला भावाचा चेहरा सरळ दिसत होता, पडद्याच्या उजेडाने कधी निळा, कधी पिवळा.

पहिल्या अर्ध्या भागात लोकांनी खुर्च्या हलवल्या. बेडकांवर एक गृहस्थ इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि बाजूच्याने त्यांच्या पाठीवर थापा मारल्या. धाकटा एकेक चेहरा टिपत होता, मान डोलावत होता, मांडीवर बोटं वाजवत होता. आपल्या बहिणीचा त्याला त्या घटकेला फार अभिमान वाटत असणार. वाटू दे, ताई मनात म्हणाली. अजून थोडा वाटू दे.

मालकीणबाई कपड्यांची चळत घेऊन जिन्यापाशी आली. लोक आधीच हसायला लागले होते. टवाळ्याने गाठ मारली. मग पोतं ढकललं गेलं.

पहिल्या दोन दणक्यांना काही जण सवयीने हसले. तिसऱ्याला हसू अडखळलं. खुबा मोडल्याचा आवाज आला आणि एका बाईने “अगं आई गं!” म्हणून शेजारणीचा हात धरला. नंतर तो श्वास. सगळं थिएटर त्या श्वासाबरोबर अडकलं. जरा वेळाने मालकीणबाई उठून चालू लागली आणि ‘प्वाँ’ऐवजी ओढलेल्या पावलाची करकर आली, तेव्हा कितीतरी जणांनी मान खाली घातली. मागल्या दोन फिल्मना आपण कशाला हसलो होतो, ते त्यांना आता कळत होतं.

आणि धाकटा हे सगळं चेहऱ्यांवर बघत होता. काय चुकलंय ते त्याला लगेच कळलं नाही. ओठांवर हसू तसंच राहिलं आणि डोळे मात्र या खुर्चीवरून त्या खुर्चीवर धावू लागले. आपल्याकडेच सगळे असे का बघतायत? मग त्याने ऐकलं. पहिल्यांदाच, आपल्याच फिल्मला पाठ करून, त्याने नीट कान दिला. खुर्चीत हळूहळू वळला आणि पडद्याकडे बघितलं. टवाळ्या घाईघाईने गाठ सोडत होता.

ताईला जे हवं होतं ते मिळालं. पोटभर मिळालं. भिंतीला टेकून ती त्याची मान बघत होती, खाली खाली जाणारी, आणि तिला गोड वाटलं. खोटं कशाला बोला, फार गोड वाटलं.

बंद दार पडद्यावर आलं आणि ओरबाडणं सुरू झालं.

तिने सगळा विचार केला होता, कोण कुठे दचकेल, धाकटा कधी वळेल. एका माणसाचा विचार तिच्या डोक्यातसुद्धा आला नव्हता. कडेच्या खुर्चीतून अप्पा उठले. अंधारात त्यांचा पांढरा सदरा तेवढा दिसला. ते चाचपडत बाजूच्या दारापाशी गेले, कडी शोधली आणि दार सताड उघडलं.

दुपारचं ऊन थेट आत आलं. पडदा पांढराफटक पडला. टवाळ्या, उशी, मालकीणबाई, सगळं पुसून गेलं. फक्त आवाज चालू राहिला. नखं दारावर ओरबाडत होती आणि अप्पा उघड्या दारात उभे राहून बाहेर बघत होते. खाली, गुडघ्यांच्या उंचीवर. दारवान धावत आला, “आजोबा, दार लावू द्या, खेळ चाललाय,” म्हणाला. अप्पांनी त्याचा हात झटकला. “थांब रे, येऊ दे त्याला,” ते म्हणाले. आवाज रोजचाच होता, चढलेला नाही, थरथरलेला नाही. बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की दाराबाहेर कोणी नाही, तरी त्यांनी दार सोडलं नाही.

रीळ संपलं. टाळ्या पडल्या नाहीत. लोक कोणाच्या घरातलं भलतंच काही पाहिल्यासारखे गुपचूप उठून पुढल्या दारांनी निघून गेले. बदल्याचा गोडवा गेला नव्हता, पण त्यात आता अप्पांची पाठ आली होती, आणि ती ताईला घालवता येईना.

धाकटा खुर्च्यांच्या रांगांतून तिच्याकडे आला. नवा कोट अंगावर ढगळ दिसत होता.

“केव्हा कळलं तुला?” त्याने विचारलं.

“तू चहा ढवळत होतास तेव्हा पक्कं कळलं.”

“ताई, मी आठ वर्षांचा होतो गं.”

“आणि तो दोन वर्षांचा होता.”

“मी सांगणार होतो. रोज सांगणार होतो. मग तू चालायला लागलीस, मग मला वाटलं, आता कशाला… आणि फिल्ममध्ये घातलं ते हसण्यासाठी नाही गं. म्हणजे हसण्यासाठीच, पण…”

“मला नको सांगूस,” ताई म्हणाली. “मला माहीत आहे सगळं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग जा.”

तिने हनुवटीने दाराकडे दाखवलं. धाकट्याने त्या बाजूला बघितलं आणि तो आठ वर्षांचा असावा तसा उभा राहिला. ताईला एकदा वाटलं, पुरे झालं. म्हातारा माणूस आहे, राहू दे. पण तिने ते तोंडातून बाहेर काढलं नाही. कुत्र्यासाठी कोणी पुरे म्हटलं नव्हतं.

धाकटा अप्पांकडे गेला. दोघं उन्हात उभे होते. धाकट्याचे ओठ हलताना दिसत होते. अख्ख्या इमारतीत सुई पडली तरी ऐकणाऱ्या ताईला एक शब्द ऐकू आला नाही, आणि तिने पुढे होऊन ऐकण्याचा प्रयत्नही केला नाही. अप्पा ऐकत होते. मध्ये त्यांनी एकदाच काहीतरी विचारलं, आणि धाकट्याने हवेत बोटांनी गाठ मारून दाखवली, वरच्या फेऱ्यासकट. अप्पा त्या बोटांकडे बघत राहिले.

त्यांनी त्याला मारलं नाही. शिवी दिली नाही. त्यांनी त्याचा हात धरला, दाराच्या कडेवर नेऊन ठेवला आणि म्हणाले, “धर.” हे मात्र ताईला ऐकू आलं. “मी इतकी वर्षं लावून धरलं. आता तू उघडं धर.”

मग ते काठी टेकत ताईकडे आले. तिच्या नखांवरच्या पट्ट्या त्यांनी पाहिल्या. तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या हाताने सगळा भार तिच्यावर टाकला, कारण त्यांना आता चालवत नव्हतं. “मी कडी काढायला हवी होती,” ते म्हणाले. “तू काय, अंथरुणातलं पोर. तुझं मी ऐकायला नको होतं.” ताईने त्यांच्या कमरेला हात घातला.

दोघं हळूहळू बाजूच्या दाराने निघाले, एक म्हातारा आणि एक लंगडी. खेळ संपून गेलेला, थिएटर रिकामं, दारवान झाडू घेऊन ताटकळत उभा, आणि शहराचा लाडका दिग्दर्शक दोन्ही हातांनी दार धरून उन्हात घामाघूम झालेला. ती जवळून गेली तेव्हा त्याने हळूच विचारलं, “ताई, सोडू का?”

ताई थांबली. तिने त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं, कानाच्या पाळ्यांपर्यंत.

“नको,” ती म्हणाली. “अजून धर.”

आणि अप्पांना सांभाळत ती पायऱ्या उतरू लागली.